पेशींचे वार्धक्य आणि धूम्रपानजन्य फुप्फुसविकार

बराच काळ विभाजन होत राहिल्यावर किंवा मोठी इजा झाल्यावर पेशी विभाजन कायमचे थांबवते, पण मरत नाही. या अवस्थेला पेशीचे वार्धक्य म्हणतात. लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत विभाजनाची ही मर्यादा दाखवली. वयानुसार अशा पेशी सर्वांच्याच शरीरात साठतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांत त्या लवकर साठतात. सीओपीडी (श्वासमार्गात हवेला कायम अडथळा आणणारा दीर्घकालीन फुप्फुसविकार), त्यातही एम्फिसिमा (फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या, म्हणजे वायुकोशांच्या, भिंती नष्ट होणे), या विकाराशी त्यांचा जवळचा संबंध आढळतो.

तंबाखूच्या धुरातील ऑक्सिडीकारक द्रव्यांमुळे डीएनए तुटतो आणि गुणसूत्रांच्या टोकांवरची संरक्षक टोपणे, म्हणजे टेलोमेर, झिजतात. मग पी२१, पी१६ यांसारखी प्रथिने विभाजनाला खीळ घालतात. एरवी ही सोय उपकारकच, कारण बिघडलेला डीएनए घेऊन वाढत सुटलेली पेशी कर्करोगाकडे जाऊ शकते. फुप्फुसात मात्र ती महाग पडते. वायुकोशाचा बहुतेक पृष्ठभाग पहिल्या प्रकारच्या अतिशय पातळ, पसरट पेशींनी झाकलेला असतो. प्राणवायू त्यांतून रक्तात जातो. दुसऱ्या प्रकारच्या घनाकार पेशींच्या वाट्याला जेमतेम ५ टक्के पृष्ठभाग येतो, पण वायुकोश मिटू न देणारे सरफॅक्टंट त्याच बनवतात आणि पहिल्या प्रकारच्या पेशी मेल्या की विभाजन पावून त्यांची जागा भरतात. या गवंड्यांनीच हात टेकले, की भिंतीला पडलेले भगदाड बुजत नाही. एम्फिसिमाच्या रुग्णांच्या वायुकोशांत पी१६ व पी२१ वाढलेले आणि टेलोमेर आखूड झालेले दिसले आहेत.

शिवाय या पेशी गप्प बसत नाहीत. इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ ही दाह वाढवणारी संदेशवाहक प्रथिने आणि प्रथिने तोडणारी विकरे त्या स्रवत राहतात. त्यामुळे दाह धुमसत राहतो, भिंतींतले लवचिक इलॅस्टिन विरघळते आणि लहान वायुकोश एकमेकांत मिसळून मोठ्या, निकामी पोकळ्या होतात. शेजारच्या धडधाकट पेशीही या स्रावांनी वृद्ध होतात. सिगारेट सोडल्यावर फुप्फुसांची घसरण मंदावते, तरी सीओपीडीतला दाह पुष्कळदा शमत नाही. त्याचे एक कारण इथे असावे.

सर्वच धूम्रपान करणाऱ्यांना हा विकार होत नाही. तीव्र एम्फिसिमाच्या काही रुग्णांत टेलोमेर राखणाऱ्या टेलोमरेजच्या जनुकांतच दोष सापडले आहेत.

वृद्ध पेशी निवडून मारणाऱ्या सेनोलिटिक औषधांवर संशोधन सुरू आहे. डॅसाटिनिब आणि क्वेर्सेटिन यांची जोडी फुप्फुसतंतुमयतेच्या (फुप्फुसात व्रणासारखी तंतुमय ऊती वाढण्याच्या विकाराच्या) १४ रुग्णांना देऊन पाहिली गेली. तो अहवाल २०१९ चा. मात्र जखम भरून येण्यात वृद्ध पेशींचाही वाटा असतो, तेव्हा त्यांना सरसकट काढून टाकणे निर्धोक ठरेलच असे नाही.