ट्रिकोचा उगम

ट्रिको हा ‘द लास्ट गार्डियन’ या व्हिडिओ गेममधला राखणदार प्राणी. अंगावर पिसे, चाल कुत्र्याची, लहर मांजराची. फुमितो उएदा यांनी दिग्दर्शित केलेला हा जपानी गेम २००९ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी जाहीर झाला आणि रखडत रखडत डिसेंबर २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला. ट्रिको आला कुठून, याचे सरळ उत्तर गेम देत नाही. चाहत्यांचे सगळे तर्क त्या मोकळ्या जागेत उभे आहेत.

गेममधला पुरावा मात्र भरपूर आहे. सुरुवातीला ट्रिको साखळदंडात, अंगात भाले रुतलेला आणि शिंगे मोडलेली अशा अवस्थेत सापडतो. शेजारी एक मुलगा, त्याच्या अंगभर गोंदल्यासारख्या खुणा. पुढे कळते की मुलाला गावातून उचलून गिळणारा हाच. दरीतल्या मनोऱ्याकडे जाताना वाटेत वीज कोसळली म्हणून तो खाली पडला. त्याच्या जातीचे इतर प्राणी मुले आणून मनोऱ्यात ओकतात आणि बदल्यात त्यांना चकाकणाऱ्या द्रवाचे पिंप मिळते. पोटासाठी चाललेली हमालीच ती.

यावरून दोन तट पडतात. पहिल्या मते हे प्राणी मनोऱ्यातल्या काळ्या गोलाने, म्हणजे दरीच्या स्वामीने, घडवलेले आहेत. शिंगांवाटे त्याचा हुकूम पोचतो आणि हुकूम आला की डोळ्यांचा रंग पालटतो. दुसऱ्या मते ते मुळात रानटी असून पिंपाची चटक लावून त्यांना ताब्यात ठेवले आहे. दुसरी बाजू अधिक पटणारी आहे. शिंगे मोडलेला ट्रिको निकामी होत नाही. उलट तो घाबरतो, रुसतो, पाण्यात उतरायला कचरतो, हट्ट करतो. केवळ हुकमासाठी घडवलेल्या जीवाला एवढा स्वभाव कशाला लागेल?

मुंबईतल्या मराठी खेळाडूला हा वाद तसा परका वाटायला नको. कोकणातून गिरणगावात आलेल्या घरांना राखणदार ठाऊक आहे आणि त्याचा पूर्वेतिहास सोज्वळ असतोच असे नाही, हेही ठाऊक आहे. वेताळ हा भुतांचा राजा. तोच वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत वेतोबा म्हणून गावाची राखण करतो आणि रात्री फिरून त्याच्या चपला झिजतात म्हणून भक्त त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. खुद्द मुंबादेवीच्या एका आख्यायिकेत देवीने हरवलेला मुंबारक दैत्य शरण येतो आणि तिने आपले नाव धारण करावे, अशी विनवणी करतो. भक्षक आणि रक्षक एकाच कुळातले असणे ही आपल्याकडची जुनीच गोष्ट. ट्रिकोच्या बाबतीत जपानी नावातच त्याला नरभक्षक गरुड म्हटले आहे. ‘मूळचा दुष्ट की मूळचा भला’ असा प्रश्न घालून बसणारे चाहते ही बाब सोयीस्करपणे विसरतात.

फरक आहे तो गावाचा. आरवलीने वेतोबाला देऊळ दिले. गेममधले गावकरी मुलाला परत घेऊन आलेल्या जखमी ट्रिकोवर भाले फेकतात आणि शेवटी मुलगाच त्याला निघून जाण्याचा इशारा करतो. गावाच्या लेखी तो अखेरपर्यंत मुले पळवणारा राक्षसच. म्हणून तो पूर्वी याच दरीचा पूजलेला रक्षक होता, हा तर्क कितीही लोभस असला तरी टिकत नाही. गावकऱ्यांच्या वागण्यात त्या पूजेची कसलीही आठवण दिसत नाही.

उएदा यांच्या आधीच्या ‘इको’ (२००१) आणि ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ (२००५) या गेमशी ट्रिकोचे नाते जोडणारेही आहेत. ‘शॅडो’च्या शेवटी शिंगे असलेले बाळ दिसते आणि ‘इको’चा नायक शिंगे असलेला मुलगा आहे, त्या दोघांत धागा जुळतो. ट्रिकोलाही शिंगे आहेत, एवढ्यावर त्याला त्या घराण्यात बसवणे मात्र ओढूनताणून केलेले वाटते. तिथली शिंगे माणसाच्या डोक्यावर शापासारखी उगवतात, इथे ती हुकूम झेलण्यासाठी आहेत.