शटडाउनमध्ये रोखलेले गणवेशधारी सेवांचे निवृत्तिवेतन आणि त्यावरील दावे (अमेरिका)

अमेरिकेच्या संघराज्य सरकारचे वार्षिक विनियोजन (तिजोरीतून खर्च करण्याची कायद्याने दिलेली मंजुरी) वेळेत मंजूर झाले नाही की सरकारी खात्यांचा खर्च करण्याचा अधिकार खंडित होतो. अशा काळात गणवेशधारी सेवांतून निवृत्त झालेल्यांचे वेतन अडले, तर ते सरकारकडून न्यायालयामार्फत कितपत व कसे वसूल करता येते, हा या नोंदीचा विषय आहे. या खंडाला मराठी वृत्तपत्रे कधी ‘टाळेबंदी’ म्हणतात. परंतु गिरणी-कारखान्यांतील मालकाने केलेल्या टाळेबंदीशी त्याची गल्लत होते, म्हणून येथे ‘शटडाउन’ हाच शब्द ठेवला आहे. मराठी वाचकाला ही परिस्थिती अपरिचित वाटेल, कारण भारतात अर्थसंकल्प लांबला तरी संसद लेखानुदान मंजूर करते आणि तिजोरीचे दार बंद होत नाही.

गणवेशधारी सेवा म्हणजे केवळ लष्कर नव्हे. भूदल, नौदल, हवाई दल, मरीन कोअर, २०१९ साली स्थापन झालेले अंतराळ दल आणि तटरक्षक दल या सहा सशस्त्र सेवांबरोबरच सार्वजनिक आरोग्य सेवेचा अधिकारीवर्ग आणि राष्ट्रीय सागरी व वातावरणीय प्रशासनाचा (नोआ) अधिकारीवर्ग या दोन निःशस्त्र सेवाही त्यांत मोडतात. हे अधिकारी गणवेश घालतात, लष्करी धर्तीचे हुद्दे धारण करतात आणि साधारणपणे वीस वर्षांच्या सेवेनंतर लष्कराप्रमाणेच निवृत्तिवेतनास पात्र ठरतात. पात्रतेचे नियम बहुतांशी सारखे असले, तरी पैसा सर्वांना एकाच पेटीतून मिळत आलेला नाही, आणि शटडाउनमध्ये प्रश्न उभा राहतो तो याच भेदामुळे.

संरक्षण खात्याच्या निवृत्तांसाठी १९८४ पासून स्वतंत्र लष्करी निवृत्ती निधी आहे. सेवेत असणाऱ्यांमागे ठरावीक हिस्सा या निधीत दरवर्षी जमा होतो आणि निवृत्तांचे वेतन त्यातूनच निघते. त्यासाठी त्या वर्षीच्या विनियोजन विधेयकाची वाट पाहावी लागत नाही. निधीतून पैसे देण्याचा अधिकार कायद्याने कायमचा दिलेला आहे. याउलट तटरक्षक दलाच्या निवृत्तांचे वेतन २०१८–१९ च्या शटडाउनपर्यंत तरी अंतर्गत सुरक्षा खात्याच्या वार्षिक विनियोजनातील एका शीर्षाखाली येत असे, नोआच्या निवृत्तांचे वाणिज्य खात्याच्या वाट्यातून आणि आरोग्य सेवेच्या निवृत्तांचे आरोग्य खात्याच्या वाट्यातून. यांपैकी काही तरतुदी ‘लागेल तेवढी रक्कम’ अशा सढळ शब्दांत असतात. पण ते शब्द दरवर्षी नव्याने मंजूर व्हावे लागतात, आणि विधेयकच नसेल तर त्या सढळपणाचा उपयोग होत नाही.

शटडाउनची आजची पद्धत तशी अलीकडची आहे. विनियोजनाशिवाय सरकारच्या नावावर खर्चाची जबाबदारी ओढवून घेण्यास अधिकाऱ्यांना मनाई करणारा कायदा एकोणिसाव्या शतकापासून होता, परंतु मंजुरी लांबली तरी खाती कामकाज थोडे आवरते घेऊन रेटत असत. १९८० आणि १९८१ साली महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी दिलेल्या मतांनी हा सैलपणा संपवला. मानवी जीवित व मालमत्ता यांच्या रक्षणाची निकड, किंवा कायद्याने अन्यथा दिलेली मुभा, एवढे अपवाद सोडले तर काम थांबवलेच पाहिजे, असा त्यांचा अर्थ होता. हेतुपुरस्सर उल्लंघन करणाऱ्या अधिकाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व पाच हजार डॉलरपर्यंत दंड अशी शिक्षा कायद्यात असल्याने वेतनाचा धनादेश काढणारा लेखाधिकारी निवृत्ताविषयी कितीही सहानुभूती बाळगत असला, तरी सही करण्यास धजावत नाही.

निवृत्तांना झळ बसण्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागतात : संबंधित खात्याचे विनियोजन अडलेले असणे, आणि शटडाउनने महिन्याच्या आरंभीचा वेतनाचा दिवस ओलांडणे. ऑक्टोबर २०१३ चे शटडाउन १ तारखेला सुरू होऊन १७ तारखेला मिटले आणि पुढच्या महिन्याची वेळ आलीच नाही. २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ असे पस्तीस दिवस चाललेल्या शटडाउनमध्ये मात्र रचनेतील विसंगती उघडी पडली. संरक्षण व आरोग्य या खात्यांची विधेयके सप्टेंबर २०१८ मध्येच मंजूर झालेली होती, अंतर्गत सुरक्षा व वाणिज्य खात्यांची नव्हती. त्यामुळे नौदलातून निवृत्त झालेला खलाशी निश्चिंत होता आणि त्याच बंदरात तटरक्षक नौकेवर आयुष्य घालवलेला त्याचा शेजारी १ फेब्रुवारीला पैसे येतील की नाही या चिंतेत होता. तटरक्षक दलातील सुमारे ४२ हजार सेवारत जवान-अधिकाऱ्यांना १५ जानेवारीचे वेतन मिळालेच नाही. विनियोजनाच्या खंडामुळे अमेरिकी सशस्त्र सेवेचे वेतन चुकण्याचा हा पहिलाच प्रसंग असल्याचे दलाचे तत्कालीन प्रमुख ॲडमिरल कार्ल शुल्ट्झ यांनी जाहीर केले होते. २५ जानेवारीला खर्चाचा तात्पुरता ठराव मंजूर झाला आणि निवृत्तांच्या वेतनावरील टांगती तलवार दूर झाली.

समजा, ती दूर झाली नसती. निवृत्ताच्या हाती काय होते, याचे उत्तर दोन टप्प्यांत द्यावे लागते. पहिल्या टप्प्यात कायदा त्याच्या बाजूने आहे. निवृत्तिवेतनाचा हक्क विनियोजनाने निर्माण होत नाही. तो मूळ अधिनियमाने निर्माण होतो. पुरेशी तरतूद न करणे म्हणजे देणे रद्द करणे नव्हे, हे तत्त्व अमेरिकी न्यायालयांत जुने आहे. हैतीतील अमेरिकी राजदूत जॉन मर्सर लँगस्टन यांचे वेतन कायद्याने साडेसात हजार डॉलर ठरलेले असताना काँग्रेसने (म्हणजे अमेरिकी संसदेने) पुढे पाच हजारांचीच तरतूद केली. लँगस्टन यांनी फरकासाठी दावा लावला आणि १८८६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. मूळ कायदा रद्द केल्याचे काँग्रेसने स्पष्ट म्हटलेले नसेल, तर केवळ कमी पैसा मंजूर केल्याने हक्क कमी होत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. आरोग्य विमा कंपन्यांच्या सुमारे बारा अब्ज डॉलरच्या मागणीवर २०२० साली आठ विरुद्ध एक अशा मताने दिलेल्या ‘मेन कम्युनिटी हेल्थ ऑप्शन्स’ निकालात याच तत्त्वाचा आधार घेतला गेला. अधिकाऱ्याचे हात बांधणारा कायदा अधिकाऱ्याला बांधतो, सरकारच्या देण्याला पुसून टाकत नाही.

दावा लावण्याची जागाही ठरलेली आहे. १८८७ च्या टकर कायद्यानुसार सरकारविरुद्धचे पैशाचे दावे आज वॉशिंग्टनमधील संघीय दावा न्यायालयात चालतात. लष्करी वेतनाचे दावे हे त्या न्यायालयाचे नित्याचे काम आहे. मुदत सहा वर्षांची असते. दहा हजार डॉलरपर्यंतचा दावा जिल्हा न्यायालयातही लावता येतो, आणि दोन्हीकडची अपिले फेडरल सर्किट या अपील न्यायालयात जातात. निकाल दावेदाराच्या बाजूने लागला तर रक्कम खात्याच्या अडलेल्या विनियोजनातून नव्हे, तर १९५६ साली निर्माण केलेल्या कायमस्वरूपी निवाडा निधीतून दिली जाते, म्हणजे शटडाउन चालू असले तरी हा दरवाजा तत्त्वतः उघडा असतो.

तत्त्वतः हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. या न्यायालयात दावा निकाली निघण्यास महिने, बहुधा वर्षे लागतात आणि २०२५ सालापर्यंतचे सर्वांत लांब शटडाउनही दीड महिन्याच्या आत संपले. ते संपताच थकबाकी दिली जाते, मुद्दल हाती येते आणि दाव्यात उरतो तो फक्त उशीर. दुसरा टप्पा सुरू होतो तो येथे, आणि कायदा निवृत्ताकडे पाठ फिरवतो.

सरकारवरील दाव्यात व्याज द्यायचे तर ते करारात किंवा कायद्यात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे, असा संघीय नियम आहे. १९८६ च्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस विरुद्ध शॉ’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो अतिशय कठोरपणे लावला. करार दाखवावा, तर सैनिकाचे वेतन कराराने नव्हे तर कायद्याने ठरते, असे त्याच न्यायालयाने कोरियातील युद्धबंदी सैनिकांच्या वेतनावरील १९६१ च्या ‘बेल’ निकालात म्हटले आहे. कायदा दाखवावा, तर निवृत्तिवेतनाच्या कायद्यांत व्याजाची तरतूद नाही. घरहप्ता चुकल्याचा दंड, बँकेने लावलेले शुल्क, औषधांसाठी काढलेले कर्ज, यांपैकी काहीही वसूल होत नाही. भारतीय वाचकाला हा फरक जाणवेल : आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘केरळ राज्य विरुद्ध पद्मनाभन नायर’ या प्रकरणात निवृत्तिवेतन ही सरकारने वाटलेली खैरात नव्हे असे सांगून, दोषास्पद विलंबाबद्दल व्याज देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

नागरी कर्मचाऱ्यांना निदान एक हत्यार सापडले होते. किमान वेतन व जादा कामाच्या मोबदल्याच्या १९३८ च्या कायद्यात पगार वेळेवर न दिल्यास दुप्पट भरपाईची तरतूद आहे, आणि २०१३ च्या शटडाउनमध्ये बिनपगारी राबवून घेतलेल्यांनी तिच्यावर ‘मार्टिन’ हा दावा उभारला. दावा न्यायालयाच्या न्यायाधीश पॅट्रिशिया कॅम्बेल-स्मिथ यांनी तो मान्य केला. विनियोजन नव्हते हे कारण पगार लांबवण्यास पुरेसे नाही, असे त्यांचे मत पडले. २०१८–१९ नंतर त्याच धर्तीचे आणखी दावे दाखल झाले. परंतु ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘अव्हालोस’ प्रकरणात फेडरल सर्किटने बहुमताने उलट निर्णय दिला : खर्च करण्यास कायद्यानेच मनाई असताना पैसे न देणे हा वेतन कायद्याचा भंग ठरू शकत नाही, आणि शटडाउन संपल्यावर लवकरात लवकर पैसे दिले म्हणजे कर्तव्य पार पडले. मार्टिन दाव्यातील नऊ वर्षांची मेहनत त्यासोबत वाहून गेली. गणवेशधारी सेवांतील व्यक्तींना हा कायदा मुळात लागू नव्हता, तरी निकालातील विचारसरणी निवृत्तांनाही अडवते. कारण वेळेवर देण्याचे कर्तव्य शटडाउनच्या काळात मोडतच नाही असे एकदा ठरले, की भरपाई मागायला भंगच उरत नाही.

शटडाउन चालू असतानाच मनाई हुकूम किंवा तातडीचा आदेश मागावा, तर तो मार्गही अरुंद आहे. कायद्याने केलेल्या विनियोजनाशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, हे राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या नवव्या कलमात लिहिलेले आहे. नौदलाच्या एका माजी नागरी कर्मचाऱ्याच्या अपंगत्व निवृत्तिवेतनावरील ‘रिचमंड’ प्रकरणात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर बोट ठेवले आणि सरकारी कार्यालयाने चुकीची माहिती देऊन नुकसान केले असले तरी कायद्यात नसलेला पैसा न्यायालय देऊ शकत नाही, असे ठरवले. जानेवारी २०१९ मध्ये कोषागार कर्मचाऱ्यांच्या व हवाई वाहतूक नियंत्रकांच्या संघटनांनी मागितलेला तातडीचा आदेश जिल्हा न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांनी नाकारला.

निवृत्तिवेतन नेमके कशाचा मोबदला आहे, हा प्रश्न या वादाच्या तळाशी आहे, आणि अमेरिकी कायद्याने त्याचे एकच उत्तर कधी दिलेले नाही. नियमित सेवेतून निवृत्त झालेला अधिकारी पुन्हा बोलावला जाऊ शकतो आणि लष्करी न्यायसंहितेच्या कक्षेत राहतो. १८८१ च्या ‘टायलर’ निकालात तो सेवेतच आहे असे धरले गेले. १९९२ च्या ‘बार्कर विरुद्ध कॅन्सस’ निकालात मात्र, राज्याच्या कराच्या संदर्भात, हे वेतन गतसेवेचा पुढे ढकललेला मोबदला मानले गेले. दुसरा अर्थ निवृत्ताला शटडाउनमध्ये अधिक सोयीचा आहे, असे म्हणता येईल : सेवा केव्हाच देऊन झालेली आहे, नव्याने कोणतीही जबाबदारी ओढवून घेतली जात नाही, अडते ती केवळ रक्कम अदा करण्याची क्रिया. पण शिस्तीच्या वेळी सेवक आणि मोबदल्याच्या वेळी जुना धनको, अशी ही दुहेरी ओळख न्यायालयात निवृत्तांच्या फारशी कामी आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या पिढीतील हवाई दलाच्या निवृत्तांना भरतीच्या वेळी आजन्म मोफत वैद्यकीय सेवेचे आश्वासन दिले गेले होते. त्यासाठी सन्मानपदकप्राप्त माजी युद्धबंदी आणि वकील कर्नल जॉर्ज ‘बड’ डे यांनी चालवलेला ‘शिझम’ हा दावा नोव्हेंबर २००२ मध्ये फेडरल सर्किटच्या पूर्णपीठासमोर नऊ विरुद्ध चार मतांनी हरला. आश्वासन दिले गेले होते हे सरकारनेही नाकारले नव्हते, पण काँग्रेसने अधिकार दिल्याशिवाय असे आश्वासन बंधनकारक होत नाही, असे बहुमताने म्हटले.

त्यामुळे या क्षेत्रात जे काही मिळाले ते न्यायालयाच्या पायऱ्यांवर कमी आणि काँग्रेसच्या दालनात अधिक मिळाले. ३० सप्टेंबर २०१३ रोजी सेवारत सैनिकांच्या वेतनासाठी खास कायदा झाला. १६ जानेवारी २०१९ रोजी सह्या झालेल्या कायद्याने संघीय कर्मचाऱ्यांना शटडाउननंतरच्या थकबाकीची कायम हमी दिली. त्याची भाषा कर्मचाऱ्यांची आहे, निवृत्तांची नाही. तटरक्षक दलाचे वेतन शटडाउनमध्येही चालू राहावे यासाठी त्याच वर्षी विधेयके मांडली गेली. माजी सैनिकांच्या अपंगत्व भरपाईचा अनुभव वेगळा आहे : ऑक्टोबर २०१३ मध्ये माजी सैनिक व्यवहार खात्याचे सचिव एरिक शिन्सेकी यांनी शटडाउन लांबले तर १ नोव्हेंबरला ३८ लाखांहून अधिक माजी सैनिकांची भरपाई थांबेल असा इशारा दिला, आणि पुढे काँग्रेसने त्या भरपाईसाठी एक वर्ष आगाऊ विनियोजन करण्याची पद्धत सुरू केली. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे त्रेचाळीस दिवस चाललेल्या शटडाउनने नोव्हेंबरच्या आरंभीचा वेतनाचा दिवस ओलांडला, तेव्हा लष्करी निवृत्ती निधीतून मिळणारे वेतन कोणत्याही दाव्याविना चालू राहिले.