पार्श्वभूमी : थायरॉईडची गोळी आणि गरोदरपणाचा सहावा ते दहावा आठवडा

बीड-परभणीकडे एखादी बाई "मला थायरॉईडची गोळी चालू आहे" म्हणाली, की पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे : कोणती? थायरॉईड कमी असल्यावर देतात ती थायरॉक्सिन गरोदरपणात बंद करायची नसते, उलट बऱ्याच जणींचा डोस वाढवावा लागतो. थायरॉईड वाढल्यावर देतात ती कार्बिमॅझोल मात्र पोटातल्या बाळाला बाधू शकते. बोलण्यात दोन्हींना नाव एकच, त्यामुळे एकीला दिलेला सल्ला दुसरीच पाळून बसते.

वाढलेला थायरॉईड कमी करणाऱ्या औषधांची सुरुवात १९४३ ची. थायोयुरॅसिल दिल्यानं तो आटोक्यात येतो, हे बोस्टनच्या एडविन अॅस्टवूड यांनी दाखवलं. तोवर मुख्य भिस्त गळ्याच्या ऑपरेशनवर होती. १९४७ मध्ये प्रोपिलथायोयुरॅसिल म्हणजे पीटीयू आलं, मागोमाग मेथिमॅझोल, आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधून कार्बिमॅझोल. कार्बिमॅझोलचं शरीरात मेथिमॅझोलच होतं, म्हणून एकाचा धोका तोच दुसऱ्याचा.

हा धोका ध्यानात यायला बराच काळ गेला. आईनं मेथिमॅझोल घेतलेलं असताना जन्मलेल्या काही बाळांच्या डोक्याच्या टाळूवर रुपयाएवढ्या जागी कातडीच बनलेली नव्हती, अशी नोंद १९७२ मध्ये झाली. पुढं स्पेनमध्ये अशा बाळांची संख्या वाढलेली दिसली. तिथं जनावरांचं वजन वाढावं म्हणून चाऱ्यात हेच औषध चोरून मिसळलं जात होतं आणि संशय त्यावर गेला. मग आणखी व्यंगं नोंदली गेली : अन्ननलिका अर्धवट राहणं, बेंबीपाशी पोटाची भिंत न जुळणं, नाकाची मागची वाट बंद असणं. या शेवटच्या व्यंगात दोन्ही बाजू बंद असल्या तर बाळ रडताना गुलाबी दिसतं, तोंड मिटून गप्प झालं की निळं पडतं. नवजात बाळ एरवी श्वास नाकानंच घेतं. पाजायला घेतलं की ते गुदमरतं, आणि आईला कळत नाही आपलं काय चुकलं. तिचं काही चुकलेलं नसतं.

डेन्मार्कमध्ये आठ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि निष्कर्ष २०१३ मध्ये आले. औषधाशी संबंध न आलेल्या मुलांत व्यंगाचं प्रमाण ५.७ टक्के होतं, पीटीयूमध्ये ८, मेथिमॅझोल-कार्बिमॅझोलमध्ये ९.१. पीटीयूची व्यंगं बहुधा सौम्य, पण ते क्वचित यकृत निकामी करतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१० मध्ये त्याबद्दल कडक इशारा दिला, तरी पहिल्या तिमाहीसाठी पीटीयूच बरं, असंही सांगितलं. गोळी आपल्या मनानं सोडणं हा यावरचा उपाय नाही. थायरॉईड मोकाट सुटला तर गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, आईच्या हृदयावर ताण, हे सगळं समोर उभं राहतं.

खरी अडचण वेळेची आहे. जास्त धोका शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या सहाव्या ते दहाव्या आठवड्यात असतो. म्हणजे पाळी चुकल्यावर हातात जेमतेम आठ-पंधरा दिवस. आपल्याकडे बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवलं तरी ती लवकर नोंदणी धरतात. दर महिन्याच्या ९ तारखेला होणारी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी तर चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी आहे. त्यात दसरा झाला की बीड, जालना, धाराशिवकडच्या टोळ्या कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. फडावर पाळी चुकली, तर ती चुकल्याचं कळायलाच महिना जातो. गोळ्यांची पट्टी मात्र पालातल्या पिशवीत असते आणि रोज नेमानं घेतली जाते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की हे बोलणं गरोदरपणाच्या तपासणीपर्यंत थांबता कामा नये. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात असो की तालुक्याच्या दवाखान्यात, पहिली चिठ्ठी लिहितानाच बाईला विचारावं, मूल हवं आहे का, कधी? हवं असेल तर औषध आधीच बदलता येईल का, हे तेव्हाच पाहावं. नको असेल तर गर्भनिरोधक त्याच चिठ्ठीवर लिहावं. आणि पाळी चार दिवस जरी पुढं गेली, तरी घरीच लघवीची तपासणी करून लगेच फोन करायचा, हे तिला आणि तिच्या सासूला, दोघींना समोर बसवून सांगावं.