लिथियम-आयन भंगार : ‘कोरड्या वजना’च्या नियमाची पार्श्वभूमी

1991 मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आले तेव्हा त्यांचा कॅथोड, म्हणजे धन टोक, लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा होता आणि त्याच्या वजनात 60 टक्के कोबाल्टच. पुनर्प्राप्तीचा सगळा धंदा त्या कोबाल्टवर उभा राहिला. 1400 अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत कोबाल्ट, निकेल आणि तांबं एकत्र वितळून हाती येत. लिथियम धातुमळीत, म्हणजे वर तरंगणाऱ्या टाकाऊ थरात, जाई आणि तिथून काढणं परवडत नसे.

भारतात 2001 चे बॅटरी नियम फक्त शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. मोबाइल-लॅपटॉपचे सेल त्यात बसत नव्हते. ऑगस्ट 2022 मध्ये नवे नियम आले, सर्व रसायनांच्या बॅटऱ्या त्यात आल्या आणि उत्पादकावर विस्तारित जबाबदारी, म्हणजे वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रणाला लावायची जबाबदारी, पडली.

वाद आहे तो पुनर्प्राप्तीच्या लक्ष्यावर. ई-वाहन आणि पोर्टेबल बॅटऱ्यांसाठी 2024-25 ला 70, पुढच्या वर्षी 80 आणि 2026-27 पासून 90 टक्के, पण हे टक्के मोजायचे बॅटरीच्या एकूण कोरड्या वजनावर, म्हणजे आतला द्रव सोडून उरलेल्या वजनावर. कोणता धातू किती, हे नियम विचारत नाही. एलएफपी, म्हणजे लिथियम लोह फॉस्फेटच्या, कॅथोडच्या पावडरीत लिथियम 4.4 टक्के, म्हणजे अख्ख्या पॅकच्या वजनात दीड टक्क्याच्या आत. ते पूर्ण वाया गेलं तरी 90 च्या लक्ष्याला धक्का लागत नाही. युरोपीय संघाने 2023 मध्ये उलटी वाट धरली. 2027 अखेर कोबाल्ट, निकेल, तांबं 90 टक्के आणि लिथियम 50 टक्के. 2031 अखेर लिथियम 80 टक्के. एकूण वजन तपासायला सोपं, हा आपल्याकडचा युक्तिवाद खोटा नाही. पण सोपं तेवढंच मोजलं की कारखानाही तेवढंच काढतो.

लिथियम मागे का पडतं, हे प्रक्रियेतच दिसतं. सेल आधी डिस्चार्ज करून नायट्रोजन वायूच्या आवरणाखाली फोडतात. घाई केली तर आग लागते आणि इलेक्ट्रोलाइटमधल्या (सेलच्या आतल्या द्रवातल्या) मिठाला ओल लागली की हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू सुटतो. चाळून मिळते ती काळी पूड, हे सगळे धातू तिच्यातच असतात. ती सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये 70-80 अंशांना विरघळवतात. पेरॉक्साइड नसेल तर कॅथोडमधला त्रिसंयुजी (+3 रूपातला) कोबाल्ट द्रावणात नीट उतरत नाही. मग पीएच वाढवून, म्हणजे आम्लता कमी करून, लोह-ॲल्युमिनियम खाली बसवायचे, विद्रावकांनी मँगनीज, कोबाल्ट, निकेल वेगळे करायचे. लिथियमचा नंबर शेवटी. सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) घालून ते कार्बोनेट म्हणून खाली बसवतात, पण उकळत्या पाण्यातही लिटरमागे सुमारे 7 ग्रॅम विरघळलेलंच राहतं आणि थंड पाण्यात जवळपास दुप्पट. म्हणून द्रावण आधी आटवावं लागतं, गाळणं आणि धुणं गरमच करावं लागतं. इंधनाचा हा खर्च कोबाल्ट असेल तर निघतो. एलएफपीत कोबाल्टही नाही, निकेलही नाही. तिथे आम्ल हिशेबाने घालून, पेरॉक्साइडच्या मदतीने फक्त लिथियम काढतात आणि लोह फॉस्फेट मागे ठेवतात. आम्ल जास्त पडलं की लोहही द्रावणात उतरतं आणि सगळा फायदा गाळात जातो.

त्यामुळे बरेच कारखाने काळ्या पुडीपाशीच थांबले आणि ती परदेशी विकू लागले. 2025 च्या अर्थसंकल्पात लिथियम-आयन भंगारावरचं आयात शुल्क माफ झालं, सप्टेंबरमध्ये पुनर्चक्रणासाठी 1,500 कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. 2027-28 पासून नव्या ई-वाहन बॅटरीत 5 टक्के आणि 2030-31 पर्यंत 20 टक्के पुनर्चक्रित माल वापरायचा आहे. तोही मोजायचा कोरड्या वजनावरच.