स्लीप की हायबरनेट? माऊस हलवल्यावर कोण उठतं, कोण नाही

पावसाळ्यात देवगड-मालवणकडे लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे रात्री डेस्कटॉप स्लीपला टाकायचा की हायबरनेटला, हे इथे जरा विचार करून ठरवावं लागतं. दोन्हींत स्क्रीन काळी होते, पंखा थांबतो आणि पुन्हा चालू केल्यावर अर्धवट राहिलेलं बिल होतं तसं समोर येतं. गल्लत होते ती इथेच.

स्लीपमध्ये, म्हणजे एसीपीआय या संगणकाच्या वीज-वापराच्या मानकातल्या एस-३ अवस्थेत, उघडं काम रॅममध्येच, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, राहतं आणि रॅमला थोडी वीज मिळत राहते. हायबरनेटमध्ये (एस-४) तेच काम डिस्कवर लिहून मशीन बंद होतं. लाईट गेली तर स्लीपमधलं सेव्ह न केलेलं काम गेलंच. विंडोजचा हायब्रिड स्लीप चालू असेल तर डिस्कवरही एक प्रत असते. सेटिंगमध्ये एकदा बघून घ्या.

आता उठवण्याचं. झोपण्याआधीच विंडोज काही उपकरणांना उठवायची परवानगी देऊन ठेवतं. स्लीपमध्ये यूएसबी पोर्टला वीज असते, त्यामुळे माऊस हलला की तो त्याच वायरवरून सिग्नल देतो आणि मशीन जागं होतं. माऊस मुद्दाम हलवला की टेबलाला धक्का लागला, हे त्याला काय कळणार! मध्यरात्री स्क्रीन आपोआप उजळायला लागली की लोक व्हायरसला दोष देतात. आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग स्पेस, स्लॅश आणि लास्टवेक (powercfg /lastwake) टाइप करून पाहा. शेवटी कोणी उठवलं ते बहुधा कळतं. माऊस निघाला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवरची, मशीन उठवायच्या परवानगीची टिक काढा. कीबोर्डची राहू द्या.

हायबरनेटमध्ये माऊस सहसा मुका असतो, पॉवर बटणच दाबावं लागतं. तरी मदरबोर्डाला स्टँडबाय वीज (मशीन बंद असतानाही मिळणारी थोडी वीज) असेल आणि सेटिंग चालू असेल, तर नेटवर्क कार्ड तेव्हाही उठवू शकतं. त्यासाठी नेटवर्कवरून यावा लागणारा संदेश, म्हणजे मॅजिक पॅकेट, असा असतो: एफएफ (हेक्स आकडा) असे ६ बाइट आणि पुढे त्या कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ६ बाइटचा ओळख क्रमांक) १६ वेळा: एकूण १०२ बाइट. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ईआरपी हा वीजबचतीचा पर्याय चालू असेल तर ही स्टँडबाय वीजही तुटते.

विजा कडाडायला लागल्या की आपल्याकडे प्लग काढतातच. मशीन स्लीपमध्ये असेल तर आधी उठवून हायबरनेट करा, मगच प्लग काढा. सोबत लॅनची वायरही काढा, कारण विजेचा झटका तिच्यातूनही येतो.