रोटरी इंजिनचं सील झिजतं तेव्हा : थोडी मागची गोष्ट

विमानातलं रोटरी इंजिन (वांकेल, ज्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो) गरम असताना स्टार्ट व्हायला कुरकुर करायला लागलं की शेजारी उभा असलेला माणूस हमखास एकच बोलतो, अ‍ॅपेक्स सील (रोटरच्या टोकाला बसणारी, गॅस अडवणारी पट्टी) गेलं. बरेचदा ते खरंही असतं. पण सील "गेलं" म्हणजे नक्की कशामुळे गेलं, यावर गेली साठ-पासष्ट वर्षं डोकेफोड चालू आहे आणि बरेचदा उत्तर सीलच्या बाहेरच सापडलेलं आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनालाही रोटरीच म्हणायचे, पण ते प्रकरण वेगळं, त्यात क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट बसवलेला आणि अख्खे सिलिंडर प्रोपेलरबरोबर गरागरा फिरायचे, वर वंगणाला एरंडेल, जे जळून धूर होऊन पायलटच्या तोंडावर यायचं. सीलचा ताप मात्र तिथेही होताच. सोपविथ कॅमलमध्ये बसणारं क्लर्जे इंजिन घ्या. फिरत्या सिलिंडरच्या एका बाजूला वारा जास्त लागायचा, दुसऱ्या बाजूला कमी, त्यामुळे तो गोल न राहता अंडाकृती व्हायचा आणि त्या वाकड्या भोकात बसावी म्हणून ऑब्च्युरेटर नावाची एक पातळ लवचिक रिंग लावलेली असायची. ती तुटली की गरम गॅस खाली, पिस्टन तापला, इंजिन जाम. बेंटलीने (हो, नंतर गाड्या काढणारा तोच) रिंगशी खेळत न बसता सिलिंडरच अ‍ॅल्युमिनियमचा केला, आत लोखंडी लायनर घातला, म्हणजे उष्णता सारखी पसरायला लागली. त्यातून बीआर१ इंजिन आलं.

आता आपलं वांकेल. फेलिक्स वांकेल हा मुळात सीलचाच माणूस, युद्धाआधी विमान इंजिनांच्या रोटरी व्हॉल्व्हवर त्याने काम केलेलं. १९५७ मध्ये जर्मनीत एनएसयू कंपनीत त्याचं पहिलं इंजिन चाललं, १९५८ मध्ये हान्स डीटर पाश्केने ते सुटसुटीत केलं आणि आज आपण बघतो तो तिकोनी रोटर आला. रोटरच्या तीन टोकांना तीन अ‍ॅपेक्स सीलं. पिस्टन रिंग कशी, गोल भिंतीला आरामात टेकून वरखाली होते. अ‍ॅपेक्स सीलचं तसं नाही, ते एका रेघेवर टेकतं, भिंतीशी त्याचा कोन सतत बदलतो, आणि गॅसचा दाब कधी या बाजूने कधी त्या बाजूने, म्हणून ते खाचेत इकडून तिकडे आपटत राहतं. मागे एक छोटी स्प्रिंग, बस.

जपानच्या तोयो कोग्योने, म्हणजे माझ्दाने, १९६१ मध्ये लायसन्स घेतलं आणि हाउसिंगच्या (रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या) आत लाटांसारखे ओरखडे दिसायला लागले. त्यांनी त्याला नाव दिलं सैतानाच्या नखांचे ओरखडे! केनिची यामामोतो आणि त्याचे ४७ इंजिनियर यावर बसले. तेव्हा कळलं की सील नुसतं घासत नव्हतं, ते थरथरत होतं. मग सीलमध्ये आडवी-उभी भोकं पाडून त्याची कंपनं बदलून बघितली, शेवटी अ‍ॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनचं सील घालून १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट गाडी बाजारात आणली. त्याच वर्षी एनएसयूची आरओ ८० आली, आणि सीलं लवकर झिजल्यामुळे वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनीचं कंबरडं मोडलं, १९६९ ला ती फोक्सवॅगनकडे गेली.

याच भानगडीतून एक फार कामाची गोष्ट निघाली जी लोक विसरतात. अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगवर अ‍ॅपेक्स सील थेट चालावं म्हणून जर्मनीच्या माहलेने निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळून एक कोटिंग काढलं, निकासिल. पुढे ते पोर्शेच्या रेसिंग गाड्यांत गेलं, बाइकच्या सिलिंडरमध्ये गेलं.

विमानांकडे हे इंजिन आलं ते अमेरिकेच्या कर्टिस-राइटमार्फत, १९५८ च्या लायसन्सवर. त्यांचं आरसी२-६० इंजिन लॉकहीडच्या क्यू-स्टार नावाच्या मुद्दाम कमी आवाजाच्या विमानात बसलं. पुढे ब्रिटनमध्ये नॉर्टनच्या मोटरसायकल इंजिनातून ड्रोनची आणि मोटर-ग्लायडरची इंजिनं निघाली, आणि हौशी लोक घरी बांधलेल्या विमानात माझ्दाचं १३बी रोटरी इंजिन बसवायला लागले. इथे एक फरक ध्यानात घ्या, गाडी हायवेवर ताकदीच्या छोट्याशा भागावर चालते, विमान तासन्‌तास ७५ टक्क्यांवर. म्हणजे स्प्रिंग सतत तापलेली, आणि तापलेली स्प्रिंग ढिली पडते. ती ढिली पडली की सील मापात असूनही गळतं आणि लोक सील बदलत बसतात.

म्हणूनच कॉम्प्रेशन (कप्प्यात तयार होणारा दाब) साध्या गेजवर बघून भागत नाही. रोटरला तीन कप्पे, तिघांचे आकडे स्वतंत्र दिसले पाहिजेत आणि ते २५० आरपीएमला धरून वाचायचे (माझ्दा आरएक्स-८ ला किमान ६.९ किलो प्रति चौ. सेंमी. सांगते). शेजारचे दोन कप्पे पडले असतील तर मधलं अ‍ॅपेक्स सील संशयित, कारण ते दोघांत सामाईक असतं. एकच पडला असेल तर साइड सीलकडे (रोटरच्या सपाट बाजूच्या सीलकडे) बघा. तिन्ही सारखे खाली असतील तर हाउसिंग तरी घासलंय, नाहीतर ज्यादा पेट्रोलने आतला ऑइलचा थर धुऊन गेलाय, मग थोडं ऑइल टाकून परत टेस्ट करायची, उगाच इंजिन खोलू नका. पांढरा धूर आणि कूलंट कमी होणं याचा अ‍ॅपेक्स सीलशी संबंधच नाही, ती पाणी अडवणारी ओ-रिंग गेलेली असते.

आपल्याकडे हे सगळं आलं निशांत ड्रोनमुळे. ट्रकवरून उडणारं आणि पॅराशूटने उतरणारं हे विमान बाहेरच्या इंजिनवर चालायचं. मग बंगळुरूच्या एनएएल (विमान संशोधनाची सरकारी प्रयोगशाळा) आणि एडीई (डीआरडीओची विमान-ड्रोन बनवणारी संस्था), आणि आपल्या नगरची व्हीआरडीई (डीआरडीओची वाहन संशोधन संस्था) यांनी मिळून ५५ हॉर्सपॉवरचं वांकेल बनवलं, ते मार्च २००९ मध्ये कोलारजवळ निशांतवर उडालं. व्हीआरडीईकडे इग्निशन आणि फ्युएल सिस्टिम होती, एनएएलकडे कोअर इंजिन. आणि त्या हाउसिंगच्या आत जिथे सील घासतं तिथे कोटिंग कसलं, तर तेच, निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड.