हॉकीच्या काठीचा बाक आणि 25 मिलिमीटरची मर्यादा

हॉकीची काठी सपाट बाजू खाली करून फरशीवर ठेवली, तर तिची दोन्ही टोके फरशीला टेकतात आणि मधला भाग किंचित उचललेला राहतो. ही उचल म्हणजे काठीचा बाक. खेळाडूंच्या बोलण्यात त्याला ‘बो’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमांप्रमाणे हा बाक 25 मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये, आणि तो मोजण्याची पद्धत अगदी साधी आहे: 25 मिलिमीटर व्यासाचा धातूचा दंडगोल काठीखालच्या फटीतून पूर्णपणे आरपार गेला, तर ती काठी सामन्यात चालत नाही. घरी ढोबळ तपासणी करायची असेल, तर दहा रुपयांचे नाणे कडेवर उभे धरून त्या फटीतून सरकवून पाहावे. या नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो, त्यामुळे ते पलीकडे निघाले तर काठी नियमबाह्य आहे हे नक्की. मात्र ते अडले म्हणून काठी नियमात बसली असे म्हणता येत नाही, कारण मधल्या 2 मिलिमीटरचा संशय उरतोच.

आम्हा ग्वाल्हेरकरांना हॉकी म्हटले की आधी कॅप्टन रूपसिंह आठवतात. मेजर ध्यानचंद यांचे हे धाकटे बंधू ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाच्या फौजेत होते, आणि 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भारताने अमेरिकेला 24–1 असे हरवले, तेव्हा त्यांतले 10 गोल एकट्या रूपसिंहांचे होते. त्यांच्या नावाचे मैदान आज देशाला ठाऊक आहे ते मात्र क्रिकेटमुळे, 24 फेब्रुवारी 2010 रोजी सचिन तेंडुलकरने तेथे काढलेल्या नाबाद 200 धावांमुळे. याचे जुन्या हॉकीप्रेमींना वाईट वाटते, आणि ते रास्तच आहे. रूपसिंहांच्या काळातली काठी तुतीच्या लाकडाची, वेताच्या मुठीची आणि लांबीच्या दिशेने जवळजवळ सरळ असे. तुतीची फळी वाफवून हूक, म्हणजे काठीचे खालचे वळलेले टोक, वळवता येतो, परंतु संपूर्ण काठीला मनाजोगता बाक देऊन तो वर्षभर टिकवणे लाकडाला अवघड जाते; ओल आणि ऊन त्याचा आकार बदलत राहतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस काचतंतू आणि कार्बनतंतूंच्या काठ्या आल्या व ही अडचण संपली. साच्यात राळ आणि तंतूंचे थर दाबून काठी घडवायची म्हटल्यावर बाक किती द्यावा हे साचा करणाऱ्याच्या मर्जीवर आले. काही काठ्यांचा बाक इतका वाढला की महासंघाने आधी 50 मिलिमीटरची सीमा आखली, आणि ती पुरेशी नाही असे दिसल्यावर पुढे निम्म्यावर, म्हणजे 25 मिलिमीटरवर आणली.

एवढा बाक कोणाला हवा होता, याचे उत्तर पेनल्टी कॉर्नरच्या, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल समोरच्या संघाला मिळणाऱ्या गोलाच्या संधीच्या, नियमात आहे. पेनल्टी कॉर्नरवर पहिला फटका ‘हिट’ असेल, तर गोलरेषा ओलांडताना चेंडू 460 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे गोलाच्या फळीपेक्षा, उंच असता कामा नये. चेंडू न मारता काठीने ओढून फेकला, तर ही अट लागू होत नाही. या फरकाचा फायदा घेणारे तंत्र म्हणजे ड्रॅग फ्लिक. पॅरिसच्या 2024 च्या ऑलिम्पिकमध्ये भारताच्या हरमनप्रीतसिंगने केलेल्या 10 गोलांमागे या तंत्राचा मोठा वाटा होता, आणि येथे ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या महिला हॉकी अकादमीच्या कृत्रिम मैदानावर सरावाच्या वेळी उभे राहिले, तर ते जवळून पाहता येते. खेळाडू चेंडूच्या पुढे लांब पाऊल टाकते, कंबरेत खाली वाकते, चेंडू हुकाच्या थोडा वर काठीला टेकवून घेते आणि सारे अंग फिरवत त्याला पुढे ओढत नेते. चेंडू काठीवरून घरंगळत हुकाकडे येतो आणि मनगट वळताच गोफणीतल्या दगडासारखा सुटतो.

हिट आणि फ्लिक यांच्यातला भेद काळाचा आहे. हिटमध्ये काठी आणि चेंडू यांचा स्पर्श क्षणाचा अगदी लहान अंश टिकतो, तर ड्रॅग फ्लिकमध्ये काठी चेंडूला बराच अंतरभर ढकलत राहते. समजा, 160 ग्रॅमचा चेंडू 2 मीटर अंतरात शून्यापासून ताशी 100 किलोमीटरपर्यंत न्यायचा आहे. हिशेब केला तर सरासरी बल साधारण 31 न्यूटन, म्हणजे तीन-सव्वातीन किलो वजनाइतके येते. बल मोठे नाही, परंतु ते पूर्ण 2 मीटर सलग मिळाले पाहिजे, आणि मध्येच चेंडू काठीवरून निसटला की उरलेली मेहनत वाया गेली. खोलगट काठीवर चेंडू नीट टेकून राहतो आणि लवकर सुटत नाही, म्हणून फ्लिक करणाऱ्याला बाक प्रिय असतो. (हॉकीच्या चेंडूचे नियमातले वजन 156 ते 163 ग्रॅम आहे, म्हणजे जवळजवळ क्रिकेटच्या चेंडूइतकेच, तो अंगावर कसा लागतो हे वेगळे सांगायला नको.)

आता सुरक्षिततेची बाजू पाहू. बाकामुळे हुकाजवळची सपाट बाजू मुठीच्या रेषेशी थोडा कोन करते आणि आकाशाकडे तोंड करून राहते. सोयीसाठी काठीची लांबी 90 सेंटिमीटर धरली, बाक 25 मिलिमीटरचा आणि बरोबर मध्यावर मानला, तर खालच्या टोकाशी हा कोन सुमारे 6 अंशांचा होतो. 50 मिलिमीटरच्या जुन्या मर्यादेत तो 12 ते 13 अंश होत असे, त्यामुळे मर्यादा निम्मी केल्यावर कोनही निम्मा होईल अशी अपेक्षा होती. काठी बनवणाऱ्यांनी मात्र बाकाची उंची 25 मिलिमीटरच ठेवून त्याचा माथा, म्हणजे सर्वांत उंच बिंदू, मध्यावरून खाली, हुकाकडे सरकवला. माथा टोकापासून 200 मिलिमीटरवर आणला की तेवढ्याच उंचीत कोन सुमारे 14 अंश होतो, आणि 150 मिलिमीटरवर आणला तर 18 अंशांच्या वर जातो. कागदावर नियम पाळला गेला आणि मैदानावर जुनी काठी परत आली, त्याहूनही तिरपी होऊन. पुढे महासंघाने बाकाचा माथा टोकापासून 200 मिलिमीटरच्या आत असू नये असे कलम घातले. माझ्या मते दोन कलमांपैकी हेच अधिक शहाणपणाचे आहे, कारण चेंडूला दिसतो तो कोन, उंची नव्हे.

6 आणि 14 अंशांत मैदानावर किती अंतर पडते? चेंडू सपाट बाजूच्या काटकोनात निघतो असे धरले, तर 8 अंशांचा फरक 14.63 मीटरवर, म्हणजे डीच्या (गोलासमोरच्या अर्धवर्तुळाकार भागाच्या) त्रिज्येइतक्या अंतरावर, सुमारे 2 मीटर उंचीचा होतो. गोलाची उंची 2.14 मीटर आहे. कसलेला खेळाडू हात पुढे झुकवून हा फरक भरून काढतो. दमलेल्या किंवा नवख्या खेळाडूचा साधा जमिनीवरचा फटका मात्र नकळत उठतो आणि समोरच्याच्या गुडघ्यावर किंवा तोंडावर जातो. पेनल्टी कॉर्नरवर धावून येणारे बचावपटू मुखवटे आणि गुडघ्यांचे पॅड घालतात ते उगाच नाही.

बर्फावरच्या हॉकीत हाच वाद वेगळ्या दिशेने झाला. तिथे बाक काठीच्या दांड्याला नसून खालच्या पात्याला, आडवा असतो. 1960 च्या दशकात स्टॅन मिकिटा आणि बॉबी हल या शिकागोच्या खेळाडूंनी पाती इतकी वाकवली की रबराची चकती हवेत वेडीवाकडी जाऊ लागली, आणि त्या काळी अनेक गोलरक्षक मुखवट्याविना खेळत. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीग या व्यावसायिक स्पर्धेने मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरवत 1970 पर्यंत अर्ध्या इंचावर आणली. 2006 च्या हंगामापासून ती पाऊण इंच आहे. तिथे प्रतिस्पर्धी संघ काठी मोजून मागू शकतो. 3 जून 1993 रोजी स्टॅन्ली कपच्या, म्हणजे या लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम मालिकेतील दुसऱ्या सामन्यात लॉस एंजेलिस किंग्ज 2–1 असे पुढे असताना, शेवटची दोनएक मिनिटे उरली असता, मॉन्ट्रियलचे प्रशिक्षक जाक डेमर्स यांनी मार्टी मॅकसोर्लीची काठी मोजायला लावली. ती नियमबाह्य निघाली, त्याला दोन मिनिटे बाहेर बसावे लागले, एरिक डेजार्डिनने बरोबरीचा गोल केला आणि जादा वेळेत आणखी एक करून सामना जिंकून दिला. मॉन्ट्रियलने पुढे मालिकाही जिंकली. मागणी चुकीची ठरली असती तर शिक्षा मॉन्ट्रियललाच झाली असती, हे लक्षात घेतले म्हणजे डेमर्स यांचे धाडस कळते.

मैदानी हॉकीत बाकाखेरीज इतरही मापे आहेत: काठी 51 मिलिमीटर आतील व्यासाच्या कड्यातून गेली पाहिजे, वजन 737 ग्रॅमच्या आत हवे, आणि प्रयोगशाळेतील चाचणीत चेंडूचा वेग काठीच्या हुकाच्या वेगाच्या 98 टक्क्यांपेक्षा जास्त भरता कामा नये. शेवटची अट कार्बनच्या कडकपणाला लगाम घालणारी आहे आणि ती पंचांना मैदानावर तपासता येत नाही.

आज जालंधर-मेरठहून येणाऱ्या किंवा परदेशी बनावटीच्या काठ्यांवर बाकाची उंची आणि माथ्याचे अंतर अनेकदा छापलेले असते. 24 किंवा 25 मिलिमीटर आणि 200 मिलिमीटर हे आकडे दिसले, तर ती काठी मर्यादेच्या अगदी काठावर, ड्रॅग फ्लिकसाठी घडवलेली आहे असे समजावे. मुलीला नुकतेच हॉकीला घातले असेल, तर दुकानदार कितीही आग्रह करो, बाक 20 मिलिमीटरच्या आसपास आणि माथा मध्याजवळ असलेली काठी घ्यावी. तिच्यावर चेंडू थांबवणे सोपे जाते आणि जमिनीवरचा पास जमिनीवरच राहतो.